बारा वर्षांचे बूट, बावीस वर्षांची पोरगी

बोलतेय ती मी. इकडेतिकडे काय बघताय, खाली बघा. दाराजवळ, वर्तमानपत्रावर. एकोणचाळीस नंबरची, जाड चामड्याची, पुढे पोलादी टोपी बसवलेली कामाच्या बुटांची जोडी. एकट्या बुटाला जगात कोणी विचारत नाही, म्हणून डावा-उजवा मिळून आम्ही 'मी' म्हणतो. आणि एक आधीच सांगते, मी गोड बोलणारी नाही. गोड ऐकायचं असेल त्यांनी घरातल्या मऊ सपातांकडे जावं.

माझा जन्म कारखान्यात झाला. माणसाचं मूल जन्मलं की त्याला दुपट्यात गुंडाळतात. आमच्याकडे माझ्या शेजारच्या जोडीवर लोखंडी वजन आपटून बघितलं. ती चेपली नाही, म्हणून आम्हा सगळ्याच जणींना पास केलं. दुसऱ्याच्या सोसण्यावर आपण पास होतो, हे मी पहिल्याच दिवशी शिकले. माणसं ते म्हातारपणीही शिकत नाहीत.

मला पहिल्यांदा घातलं ते एका फरश्या बसवणाऱ्या बाईने. बारा वर्षं मी तिच्या पायात होते. फरशीचं काम गुडघ्यांवर बसून करायचं असतं, त्यामुळे माझी टोकं घासून घासून पांढरी पडली, चामड्याला अंगठ्यापाशी आडव्या घड्या पडल्या आणि अंगभर सिमेंटच्या मसाल्याचे करडे शिंतोडे वाळून घट्ट बसले. बाई कामाला वाघीण. पण गुडघे वाघिणीचे नव्हते. ते गेले, तशी ती घरी बसली आणि तिच्या सुनेने मला जुन्या वस्तूंच्या दुकानात नेऊन टाकलं. तिथे एक फुलदाणी आणि एक बंद पडलेलं घड्याळ यांच्यामध्ये मी चार महिने बसून होते. येणारा जाणारा मला उचलायचा, नाक मुरडायचा आणि ठेवून द्यायचा.

मग धाकटी आली.

धाकटी म्हणजे तिच्या खोलीतल्या तिघींमधली सगळ्यात लहान. वय बावीस. परदेशातून आलेली. शिक्षण म्हणाल तर बारावी आणि शिवणकामाचा तीन महिन्यांचा कोर्स. खोलीत सोबत तिची चुलत वहिनी होती, जिच्या ओळखीवर ती इथे आली, आणि एक मॅडम. मॅडम आपल्या देशात कॉलेजात शिकवायच्या. इथे लाँड्रीत चादरींच्या घड्या घालतात. चादरींचे काठ चुकून वरखाली झाले तर पर्यवेक्षक त्यांना म्हणतो, "डोकं वापरा, बाई." मॅडम म्हणतात, "वापरते हं."

धाकटीच्या इथे राहायच्या परवान्याचे एकोणीस दिवस उरले होते. तेवढ्यात कुठल्या तरी मालकाचं 'हिला मी कामावर ठेवलं आहे' असं पत्र मिळालं तर मुक्काम वाढणार, नाही तर बॅग भरून परत. परत म्हणजे काय, तर काकांनी बघून ठेवलेलं स्थळ. मुलाचा चष्मा फोनवर दाखवून झाला होता.

अडीच महिने पोरगी वणवण फिरली होती. त्याच्या हकिगती ती संध्याकाळी वहिनीला सांगायची. मला त्या पुढे दाराजवळ बसून ऐकायला मिळाल्या.

"वहिनी, आज भांडी घासायच्या कामाला दोन वर्षांचा अनुभव मागितला."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, घरी बारा वर्षं घासली. तर म्हणे, ती धरत नाही."

"आणि त्या मुलं सांभाळायच्या कामाचं?"

"तिथे म्हटलं तीन भावंडं वाढवली आहेत. तर ती बाई म्हणाली, कोणाचं पत्र आहे का? आता धाकट्या बंड्याचं पत्र आणू? त्याला अजून स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही!"

मॅडम चादरीसारखा टॉवेल झटकत म्हणाल्या, "आण, आण. शुद्धलेखन मी तपासते."

हसल्या तिघी. पण हसून दिवस काही वाढत नाहीत.

वहिनी एका बांधकाम ठेकेदाराच्या ऑफिसात साफसफाई करायची. तिने एक गोष्ट हेरली होती. गेटवर सकाळी मुकादम उभा असतो. तो कोणाचे कागद बघत नाही, कोणाचं तोंड तर मुळीच नाही. तो पाय बघतो. बूट करकरीत नवे असले की म्हणतो, "पुढच्या आठवड्यात ये." झिजलेले असले की म्हणतो, "आत."

"मागच्या सोमवारी सहा जणींना घरी पाठवलं," वहिनी म्हणाली. "सगळ्यांनी उत्साहाने नवे बूट घेतले होते. तू जुने बघ. जितके वाईट दिसतील तितके चांगले."

म्हणून धाकटी त्या दुकानात आली. तिने मला उचललं आणि नाक मुरडण्याऐवजी छातीशी धरलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कुरूपपणाचं कोणी चीज केलं. थोडं अवघडल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेटवर. मुकादमाची मान खाली. रांगेतून बूट पुढे सरकताहेत आणि हा बाजारात वांगी निवडल्यासारखा निवडतोय. माझ्यापाशी येऊन थांबला. वाकून शिंतोडे बघितले.

"फरशी?"

"हो," धाकटी म्हणाली.

"बरीच वर्षं?"

"हो."

"आत."

झालं. माझ्या अंगावर बारा वर्षं, तिच्या अंगावर बावीस. म्हणजे ही दहाव्या वर्षापासून फरश्या बसवत असणार! पण एवढी वजाबाकी करायची तर मान वर करावी लागते.

काम एका शाळेच्या इमारतीत होतं. अट अशी, की तीन दिवस काम बघायचं, तिसऱ्या दिवशी मालकीण येणार आणि कोणाला ठेवायचं ते ठरवणार. पत्रही तीच देणार. आता एवढी जुनी जाणती कारागीर म्हटल्यावर मुकादमाने धाकटीला हाताखाली कशाला ठेवावं? एक अख्खं न्हाणीघर तिच्या नावावर करून टाकलं. अठ्ठेचाळीस फरश्या, मसाल्याची पोती, थापी, रबरी हातोडी आणि कोपऱ्यात भिंतीतून निघालेले तीन पाइप. मुकादम गेला आणि पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. तिचे पाय माझ्यात थंडगार झाले.

मला सगळं माहीत होतं. मसाला किती घट्ट हवा, थापी कशी फिरवायची, पहिली ओळ चुकली की शेवटची कशी तोंड वेडंवाकडं करते. बारा वर्षं मी ते बघितलं होतं. पण सांगणार कशी?

तिने डोकं चालवलं. दार उघडं ठेवलं. समोरच्या न्हाणीघरात एक जुना कारागीर बसला होता. तो मसाला कालवायला लागला की ही कालवायची. तो थापी फिरवायचा, ही फिरवायची. तो पाठ खाजवायला थांबला की हीसुद्धा थांबायची, न जाणो त्याचंही काही कारण असेल! संध्याकाळपर्यंत निम्मी जमीन झाली. पहिल्या चार ओळी जरा भित्र्या होत्या, पण सरळ होत्या.

दुसऱ्या दिवशी पाइप आले. पाइपाभोवती फरशी गोल कापायची असते. समोरचा कारागीर अंदाजाने कापत होता आणि एकेका पाइपापायी तीन तीन फरश्या फोडत होता. इथे मात्र धाकटीने त्याच्याकडे पाठ फिरवली. मसाल्याच्या रिकाम्या पोत्याचा कागद फाडला, पाइपाशी धरला, दाबून दाबून वळण काढलं आणि कात्रीने कापला. ब्लाउजच्या बाहीचं कटिंग करतात, अगदी तसं. मग तो कागद फरशीवर ठेवून पेन्सिलने आखला आणि कटर हळूहळू फिरवला. फरशी पाइपाला अशी बसली, की बाही खांद्याला काय बसेल. एकही फुटली नाही. माझ्या पहिल्या बाईलाही हे सुचलं नव्हतं, आणि ती माझी किती लाडकी होती हे तुम्हाला ठाऊक नाही.

आता ऐका या शहाणीने काय केलं ते.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. धाकटीने आनंदाने सांगितलं, उद्या मालकीण येणार. आई म्हणाली, "अगं मग नीट जा हो. केस बांध. आणि पायात काय मळकं घालून जाऊ नकोस. मोठी माणसं आधी पायाकडे बघतात. लोक म्हणतील, आईने काही वळण लावलं नाही."

वहिनी दुसऱ्या पाळीला गेलेली. मॅडम झोपलेल्या. अडवायला कोणी नाही. पोरगी गरम पाणी आणि घासणी घेऊन बसली आणि बारा वर्षं खरवडून काढली! शिंतोडे गेले. डाग गेले. वर काळं पॉलिश चढवलं, लेस नव्या घातल्या. "आता कशी छान दिसतेस," मला म्हणाली. मी आरशात बघितलं असतं तर रडले असते. पोरीच्या जातीला लहानपणापासून घासायलाच शिकवतात. कुठे थांबायचं ते कोणी शिकवत नाही.

सकाळी गेटवर मुकादमाची मान खाली. मी चमकतेय.

"नवीन लोक सोमवारी," तो म्हणाला.

"मी परवापासून येते आहे. फरशीवाली."

"फरशीवालीचे बूट वेगळे होते."

दोन दिवस तिच्या न्हाणीघरात चार चार वेळा डोकावून गेलेला हा माणूस. पोरगी समोर उभी, आणि हा ओळख पटवतोय ती माझ्याशी!

"बूट तेच आहेत. धुतले."

मुकादम हसला. मग वाकला. घासून निघालेल्या चामड्यावर एकही शिंतोडा नाही. "जुना कारागीर बूट धूत नाही," तो म्हणाला. "कोणाचे घालून आली होतीस?"

तेवढ्यात मालकीणबाई गाडीतून उतरल्या. पायात पांढरेशुभ्र कापडी बूट, कधी धुळीत न गेलेले. त्यांना गेटवर कोणी म्हणालं नाही, सोमवारी या.

"काय चाललंय?"

"फसवणूक, बाई. दुसऱ्याच्या बुटांवर आत शिरली."

परवान्याचे सोळा दिवस उरले होते. 'नाही हो, माझेच' म्हणाली असती तर कदाचित निभावलंही असतं. पण तिने नाक वर केलं.

"बूट जुन्या वस्तूंच्या दुकानातले आहेत. अनुभव माझा काही नाही. पण फरशी मी बसवलीय. ती तरी बघा, इथे उभं राहून बूट बघण्यापेक्षा."

मालकीणबाई न्हाणीघरात गेल्या. खाली बसल्या आणि किल्ल्यांच्या जुडग्याने एकेक फरशी वाजवू लागल्या. खाली मसाला नीट भरला असेल तर आवाज भरीव येतो, नाही तर पोकळ येतो. अठ्ठेचाळीस वेळा टकटक झालं. धाकटीचे अंगठे माझ्या पोलादाला आतून टेकले होते.

"सात पोकळ आहेत," बाई म्हणाल्या. मग पाइपापाशी थांबल्या. बोट फिरवलं. "हे कोणी कापलं?"

"मी. कागदाचं कटिंग करून."

"किती फोडल्या?"

"एकही नाही."

बाई उठल्या आणि किल्ल्या घेऊन समोरच्या न्हाणीघराकडे वळल्या. मुकादम घाईघाईने आडवा आला. "तिथे नको, बाई. तिथे अजून वाळायचंय."

बाई काय ते समजल्या. मग धाकटीला म्हणाल्या, "सात काढून परत बसव. आजच. आणि खरं बोललीस म्हणून ठेवते असं समजू नकोस. शाळा तीन आठवड्यांत उघडते आणि मला माणसं मिळत नाहीत."

"आणि पत्र?"

"देते."

पत्राच्या फॉर्मवर अनुभवाचे दोनच चौकोन होते. 'दोन वर्षांपेक्षा कमी' आणि 'दोन वर्षांपेक्षा जास्त'. कमीवर खूण केली की परवान्याचं ऑफिस फॉर्म परत पाठवतं. बाईंनी एकदा धाकटीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि 'जास्त'वर खूण केली. सहीसकट. पोरगी खोटं बोलली तर फसवणूक. बाईंनी लिहिलं तर कागदपत्र.

ऑफिसने ते नजर न उचलता मंजूर केलं. काकांच्या स्थळाला वहिनीने फोनवरून नकार कळवला. मुलाने म्हणे चष्मा काढून पुसला.

याला आता दोन वर्षं झाली. धाकटी पक्की कारागीर आहे. कागदाचं कटिंग आता समोरचा कारागीरही करतो, आणि म्हणतो की त्याला ते आधीपासून येत होतं. माझ्यावर पुन्हा शिंतोडे आले आहेत, हे मात्र तिचे स्वतःचे. तळ दोनदा चिकटवून झाला. उजव्या टाचेतून पाणी आत येतं. ती नवी जोडी घ्यायचं म्हणते आणि घेत नाही. फार दिवस चालेन असं मला वाटत नाही. मला त्याचं दुःखही नाही.

फक्त एक सांगून जाते. मुकादम सुट्टीवर असला की हल्ली गेटवर धाकटीला उभं करतात. परवा रांगेत एक पोरगी आली, नुकतीच या देशात उतरलेली. पायात करकरीत नवे बूट, किमतीची चिठ्ठीसुद्धा निघालेली नाही. आणि आमच्या बाईसाहेबांची मान गेली की खाली! ओठांवर 'सोमवारी' आलंसुद्धा होतं. मी होते नव्हते तेवढ्या जोराने तिचे अंगठे आवळले. ती थबकली. मग म्हणाली, "हात दाखव."

पोरीने हात पुढे केले. धाकटीने ते उलटेसुलटे करून बघितले आणि तिला आत सोडलं.

म्हणजे बघा, दोन वर्षांत बाई पायांपासून हातांपर्यंत आली. तोंडापर्यंत पोचायला अजून किती लागतील कोण जाणे. तेवढा माझा तळ टिकायचा नाही. तुमच्यातलं कोणी अशा एखाद्या गेटवर उभं राहत असेल, तर उरलेलं अंतर जरा भराभर चाला.