राखण्याचं घरटं

गल्लीत तिला सगळे डॉक्टर म्हणायचे, पण म्हणताना गालातल्या गालात हसायचे. शेजारच्या काकू एकदा गुडघा दाखवायला आल्या होत्या. "अहो, मी माशांवर संशोधन करते," असं तिनं सांगितलं, तर काकू म्हणाल्या, "असू दे गं. त्यांचं जे काही औषध असेल ते दे. हाडं काय, सगळ्यांची सारखीच."

तळ्यात कोणते मासे उरलेत, कोणते गेले, कोणते नवे आले, हे बघणं तिचं काम. दरवर्षी तोच काठ, तीच जाळी, तीच पद्धत. पद्धत बदलली की तुलना गेली, हे तिच्या सरांनी तिच्यात इतकं भिनवलं होतं की, ही भाजीत मीठसुद्धा त्याच एका चमच्यानं घालते, अशी नवरा तिची थट्टा करायचा.

माशांतही तिचा जीव अडकला होता तो राखण्या नावाच्या एका जातीत. बोटभर मासा, अंगावर मातकट पट्टे, कुणी वळून बघणार नाही असा. त्याचा नर काठाजवळच्या गोट्यांत शेपटीनं खळगा करतो. मादी त्यात अंडी घालते आणि निघून जाते. मग हा खाणंपिणं सोडून तिथं पहाऱ्याला बसतो आणि पंख हलवून अंड्यांवर ताजं पाणी घालत राहतो. तिनं हे लेकीला सांगितलं तेव्हा लेकीनं गंभीरपणे विचारलं, "मग त्यांची आई संशोधनाला जाते का?" सासूबाईंना इतकं हसू आलं की हातातलं विणकाम खाली ठेवावं लागलं. तीही हसली, पण तिला ते लागलं ते लागलंच.

आता तो गोट्यांचा काठ बुजवून तिथं फिरायचा रस्ता होणार होता. राखण्या तिथं अजून वीण घालतो असं दिसलं तर काम थांबवू, असं रस्ता करणाऱ्या सरकारी कार्यालयानं कबूल केलं होतं. मात्र त्यांच्या साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी अंडी बघायला हवीत. मागच्या वेळी तिनं फोटो नेले होते, तर म्हणाले, "मॅडम, पाणी सगळीकडे पाण्यासारखंच दिसतं." त्यात तिचाच अहवाल तिच्यावर उलटला होता. तळ्यातल्या जाती कमी झालेल्या नव्हत्या, उलट थोड्या वाढल्याच होत्या. वाढल्या त्या सगळ्या बाहेरच्या, कुठल्याही तळ्यात सापडणाऱ्या, आणि गेल्या त्या फक्त इथल्या, हे तिनं खाली सविस्तर लिहिलं होतं. पण खालचं वाचतो कोण?

त्या सकाळी घरटं सापडलं. साहेब दुपारी येणार होते. ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तळाला काच लावलेल्या बादलीतून बघत होती, आणि गोट्यांच्या मधोमध तो दिसला. त्याच्या पोटाखाली मोहरीएवढी पिवळी अंडी, खळगाभर.

"काका," ती हळूच म्हणाली, जणू मोठ्यानं बोललं तर तो उठून जाईल. "आहे."

नावाडीकाकांनी होडीतूनच हात जोडले. "बसलाय का पठ्ठ्या? माझ्या जावयापेक्षा बरा. आमची लेक बाळंत झाली तर हा कापसाचा बोळा घेऊन दारातच घेरी येऊन पडला."

ती हसली. कितीतरी दिवसांनी तिला इतकं हलकं वाटत होतं. आता नेहमीचं काम करायचं, मग साहेबांची वाट बघायची. नेहमीचं काम म्हणजे नराला हातजाळीनं उचलायचं, होडीतल्या टबमध्ये त्याची लांबी आणि वजन घ्यायचं, वय कळावं म्हणून कुशीवरचा एक खवला काढायचा आणि त्याला परत घरट्यावर सोडायचं. आजवर सापडलेल्या प्रत्येक नराचं तिनं असंच केलं होतं. हा एक वगळला असता तर सगळ्या वर्षांच्या ओळीत एक भोक पडलं असतं.

नर चपळ होता. टबमध्ये त्यानं नुसता थयथयाट केला. पहिला खवला चिमट्यातून निसटला, दुसरा मिळाला. काका टब धरून त्याची समजूत काढत होते, "झालं रे झालं, इंजेक्शन नाही देत तुला." ती त्याला ओंजळीत घेऊन वळली आणि आधी बादलीतून खाली बघितलं.

खळगा दिसतच नव्हता. तिथं नुसतं तपकिरी काहीतरी वळवळत होतं.

काकांनी तळ्यात नव्यानं आलेल्या त्या माशांचं नाव घरजावई ठेवलं होतं, बाहेरून येऊन ताटावर पहिले बसतात म्हणून. तिनं पाण्यात हात मारला. ते बाजूला झाले आणि तिच्या बोटांमधून परत आले. तिनं नराला सोडलं. तो एकावर धावला, दुसऱ्यावर धावला, आणि एकेक करत ते सगळे सावकाश पांगले. त्यांचं झालं होतं.

गोटे लख्ख दिसत होते.

पूर्वीच्या तळ्यात हे चालून जायचं. नर उचलला तरी अंडी जिथल्या तिथं राहायची, कारण त्यांच्यावर तुटून पडणारं तिथं कुणी नव्हतंच. ते तळं आता राहिलं नाही, हे तिनंच जगाला आकडे मांडून पटवलं होतं. तिच्या हातांना मात्र ते अजून पटलेलं नव्हतं.

साहेब आले ते बूट हातात आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, होडीला जरा घाबरतच. माणूस वाईट नव्हता. बादलीतून बराच वेळ बघून म्हणाले, "हा तर बसलाय झकास. अंडी कुठायत?"

ती काही बोलायच्या आत काका म्हणाले, "गोट्यांच्या खालच्या अंगाला असतात, साहेब. वरून दिसायची नाहीत."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. ऊन चढलं होतं आणि त्यांना घरी जायचं होतं. "असं असतं का, मॅडम? तुम्ही म्हणत असाल तर मी तसं लिहितो."

एक मान हलवायची होती. तिनं प्रयत्नही केला. पण आजवर जे दिसलं नाही ते तिनं कधी लिहिलं नव्हतं, कुणाला लिहू दिलं नव्हतं, आणि तिच्याजवळ दाखवण्यासारखं तेवढंच होतं.

"नाही. वरच असतात. सकाळी होती. मी याला मोजायला उचललं, तेवढ्यात बाहेरच्या माशांनी खाल्ली."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. "मग मी काय लिहू?"

"दिसलं ते."

त्यांनी लिहिलं. काठावर उतरताना, तिला बरं वाटावं म्हणून, ते म्हणाले, "मासे तर भरपूर आहेत हो तुमच्या तळ्यात."

त्यांची गाडी गेल्यावर काका म्हणाले, "ताई, एकदा मान हलवली असती तर मोडली असती का?"

तिनं टबमधलं पाणी तळ्यात ओतलं.

"बरं, दुसरं घरटं बघू. उद्या सगळा काठ पालथा घालू."

"घातलाय, काका. हे एकच होतं. आणि यंदाचा हंगामही संपला."

"पुढच्या वर्षी मग," काका म्हणाले, आणि पुढच्या वर्षी इथं काय असेल ते आठवून त्यांनी वल्ह्यावरचं शेवाळ खरवडायला घेतलं.

ती परत पाण्यात उतरली. राखण्या जागेवर होता. स्वच्छ गोट्यांवर पंख हलवत होता, त्याच लयीत, मध्ये जरासुद्धा न थांबता.

"त्याला कळलं नाही का?" काकांनी होडीतून वाकून विचारलं.

"नाही कळत. दिवस भरेपर्यंत बसून राहील. खाणार नाही."

डावीकडून एक घरजावई तळाला चिकटत चिकटत पुढं येत होता. तिनं हातजाळी मध्ये घातली. तो मागं सरकला, थांबला.

"आता कशाला हाकलताय, ताई? आहे काय तिथं?"

उजवीकडून आणखी दोन निघाले होते. तिनं बादली काखेत धरली आणि जाळी तिकडे फिरवली.