ओळीनं लावलेली अक्षरं

"गणपतीसुद्धा दीड दिवसानं पाण्यात जातो. ह्याची पूजा अजून किती वर्सं करायची गो बाई?" कॉम्प्युटरवरच्या प्लॅस्टिकची धूळ झटकत शाळेची शिपाईण धोंडुबाई सातवीच्या वर्गशिक्षिका सिपोराबाईंच्या कानाशी पुटपुटली.

"मला काय विचारतेस? तुझ्या सरांना विचार."

हमरापूरजवळच्या त्या वाडीच्या शाळेत कॉम्प्युटर आला, त्याला दुसरा दसरा उलटून गेला होता. दसऱ्याला त्याला प्लॅस्टिकवरूनच हळदकुंकू लागे, नारळ फुटे, की खोलीला पुन्हा कुलूप. मुख्याध्यापक महिपती सरांकडे कारणांना तोटा नव्हता. उद्घाटनाला मोठा पाहुणा मिळायचाय. खाडीचा खारा वारा लागेल. व्होल्टेज कमी आहे. सर रोह्याला जाऊन प्रशिक्षण घेऊन आले होते. तिथं काय शिकवलं, हे कुणी विचारत नसे. एकदा धोंडुबाईनं विचारलं, तर सरांनी तिथल्या वड्यांची चव सांगितली.

सातवीच्या मुलींना मात्र थांबायला वेळ नव्हता. परीक्षा झाली की निम्म्याजणी गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात रंगकामाला बसणार. त्याआधी एकदा तरी त्यांचा हात त्या यंत्राला लागावा, एवढंच सिपोराबाईंचं मागणं. शेवटी वैतागून त्यांनी वर्गातल्या प्रतिक्षाच्या मूर्तिकार बापाला, काळुरामला, शाडूचा कीबोर्ड करायला सांगितला.

"बाई, अक्षरं कशी लावू?"

"कशी म्हणजे? ओळीनं. ए, बी, सी, डी. कुणी उलटीपालटी लावील का?"

काळुरामनं हौसेनं कडेला सोनेरी पट्टीही ओढली. मुली त्यावर गिरवून गिरवून इतक्या तयार झाल्या, की प्रतिक्षा डोळे मिटून आपलं नाव मारी.

मार्च आला. सिपोराबाई ऑफिसात जाऊन उभ्या राहिल्या.

"सर, चावी."

"उद्या बघू. आज लाइटीचा भरवसा नाय."

"तुमच्या उद्याला आता दाढीमिशा फुटल्या, सर. चावी."

पसरलेला हात मागे जाईना, तेव्हा सरांनी चावी दिली आणि स्वतःही मागोमाग आले.

प्लॅस्टिक निघालं. मुलींनी दारात चपला काढल्या. प्रतिक्षानं आधी नमस्कार केला, मग बोटं टेकवली, आणि थबकली.

"बाई, ह्याची अक्षरं सांडलीत!"

सगळ्या वाकल्या. पहिल्या ओळीत क्यू, त्याला खेटून डब्ल्यू. ए बिचारा खालच्या ओळीत. सिपोराबाई एकेका अक्षरावरून बोट फिरवत गेल्या.

महिपती सरांनी घसा खाकरला. "तांत्रिक बिघाड. मालच खराब आलाय. परत पाठवावा लागेल. म्हणून तर मी उघडत नव्हतो!" आणि त्यांनी घाईघाईनं प्लॅस्टिक उचललं. मुली मागे सरकल्या. प्रतिक्षानं बोटं अशी काढून घेतली, की जणू तिनंच काही मोडलं.

सिपोराबाईंनी प्लॅस्टिकचं दुसरं टोक घट्ट धरलं.

"ठेवा ते खाली, सर. मशीन बरोबर आहे. आपल्याला येत नाय. तुम्हालाही नाय, आणि मलाही नाय."