बाद झालेले फोटो

"धुऊन तयार म्हणे!" मोबाइलवरचा मेसेज वाचून बादमास्तर स्वतःशीच पुटपुटले. "कुणी धुतले? कशात धुतले? पाण्याचा थेंब नाही, अंधारी खोली नाही, आणि फोटो म्हणे धुऊन तयार!"

मोबाइल त्यांचा नव्हता, बायकोचा होता. ती जाऊन अजून आठवडाही झाला नव्हता. लेक भाड्याने आणलेला दवाखान्याचा पलंग टेम्पोत घालून परत करायला गेली होती आणि जाता जाता पुन्हा पुन्हा बजावून गेली होती, "बाबा, आईच्या रोलचा मेसेज आज येईल. आला तरी उघडू नका हं. मी आले की दोघं मिळून बघू."

आता हा रोल म्हणजे काय प्रकरण, ते सांगायला हवं. लेक परगावी नोकरीला. मागे सुट्टी काढून आली तेव्हा तिनंच आईच्या मोबाइलवर एक अ‍ॅप घालून दिलं होतं. पूर्वी एकदा वापरून टाकून द्यायचे स्वस्तातले कॅमेरे मिळायचे, त्यांची ही नक्कल. मोजकेच फोटो काढायचे, काढलेला फोटो बघायला मिळायचा नाही, रोल संपला की आठवडाभर कळ काढायची, मग सगळे एकदम हातात. अंथरुणाला खिळलेल्या बाईला हा खेळ भलताच आवडला. बादमास्तरांनी मात्र कपाळाला हात लावला.

"अगं, फोटोला उशीर झाला की गिऱ्हाइकं आमच्या नावानं खडे फोडायची. आणि आता लोक हौसेनं थांबतात?"

"तुम्हाला नाही कळायचं," ती उशीला टेकून हसली होती. "मला वाट बघायला काहीतरी हवंय."

यावर त्यांनी तिचं पांघरूण नीट केलं. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघंही एकमेकांसमोर ठाऊक नसल्यासारखं वागत होते.

बादमास्तरांची सारी हयात फोटो लॅबमध्ये गेली. रोल धुऊन झाला की एकेक फ्रेम डोळ्यांखालून घालायची आणि हललेली, काळवंडलेली, माणसाचं डोकं उडालेली फ्रेम छापायचीच नाही, हे त्यांचं काम. "बाद!" असं ते इतक्या ठसक्यात म्हणायचे की लॅबमधल्या मंडळींनी त्यांचं नावच तसं पाडलं. त्यांच्या हाताखालून गेलेलं पाकीट उघडावं, तर आत सगळी माणसं कशी शहाण्यासारखी डोळे उघडे ठेवून हसत उभी! बाद केलेली फ्रेम कुणाला हवीच असली, तर पाकिटात निगेटिव्ह असायचीच. ती काही कुणी फेकत नसे. त्यामुळे एवढे फोटो बाद करूनही त्यांच्या हातून कधी कुणाचं काही हरवलं नाही. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो खोटाही नव्हता.

तर मेसेज आला. लेकीला दिलेला शब्द त्यांना आठवत होता, पण राहवेना. नुसतं बघावं, म्हणून त्यांनी रोल उघडला आणि त्यांचा चेहराच पडला.

एक फोटो धड असेल तर शपथ! सगळे पिवळट, वाळू उडवल्यासारखे. कोपऱ्यात नारिंगी उजेडाचा लोळ, जणू रोल आत असताना कुणी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं होतं. हे सगळं अ‍ॅपचंच सोंग, जुनेपणा यावा म्हणून मुद्दाम केलेलं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्यावर कडी म्हणजे फोटो काढताना हललेला हात. ते मात्र सोंग नव्हतं. शेवटी शेवटी तिच्या हातात चमचासुद्धा ठरत नव्हता.

लेकीनं हे बघायचं? आईची शेवटची आठवण म्हणून हे धुरकट, थरथरलेलं काहीतरी जन्मभर जपायचं? छे! परक्या माणसांची पाकिटं आपण नीटनेटकी करून दिली, आणि घरचंच पाकीट असं जाऊ द्यायचं?

त्यांनी चष्मा पुसला आणि कामाला बसले. एकेक फोटो मोठा करून, चारी कोपरे तपासून बघायचा. बाद. हाही बाद. मोबाइल दर वेळी विचारायचा, कायमचा काढून टाकायचा का? "हो रे बाबा, हो. किती वेळा विचारशील?" ती गेल्यापासून पहिल्यांदाच हाताला काम लागलं होतं आणि, खरं सांगायचं तर, त्यांचा जीव जरा हलका झाला होता. अखेर चारदोन फोटो राहिले. खिडकीचा पडदा, औषधाच्या बाटल्या, भिंतीवरचं ऊन, बाहेरचं आभाळ. त्यातल्या त्यात स्वच्छ.

लेक घामाघूम होऊन आली. पाणीही न पिता तिनं विचारलं, "आला का मेसेज?"

"आलाय. नीट लावून ठेवलेत मी."

"नीट म्हणजे?" तिनं मोबाइल घेतला. पडदा, बाटल्या, ऊन, आभाळ. बोट थांबलं. "बाकीचे कुठंयत?"

"अगं, बाद होते सगळे. हललेले. बघण्यासारखं काही नव्हतं त्यात. तुला हवेच असले तर निगेटिव्हवरून..."

बोलता बोलता त्यांची नजर मोबाइलवर गेली.

"कसली निगेटिव्ह, बाबा?" लेक त्यांच्याकडे बघतच राहिली.

मग ती खाली बसून मोबाइलवर इथं दाब, तिथं शोध, असं करत राहिली. बादमास्तर तिच्या बोटांकडे बघत होते. शेवटी तिनं मोबाइल जमिनीवर ठेवला.

"नाहीयेत. कुठंच नाहीयेत." आणि तिचा बांध फुटला. "तुम्हाला सांगून गेले होते ना मी? तेवढं एक ऐकता आलं नाही तुम्हाला? हललेले तर हललेले! तिनं काढले होते ते! मी नव्हते इथं, बाबा. सुट्टी सुट्टी म्हणत राहिले आणि आले तेव्हा ती बोलतसुद्धा नव्हती. ती दिवसभर काय बघत होती, तेवढंच बघायचं होतं मला!"

"चुकलं गं," ते म्हणाले. "माझं चुकलं." एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. तिच्या डोक्यावर हात ठेवायचीही त्यांना लाज वाटत होती.

रडून रडून ती शांत झाली. ओढणीनं तोंड पुसून म्हणाली, "तुम्ही बघितलेत ना सगळे? मग सांगा. काय होतं त्यात?"

ते त्यांना अवघड नव्हतं. डोळे मिटले की फ्रेम समोर यायची.

"एक होता... माणूस ओट्यापाशी. पाठमोरा. खांदा कापलेला."

"कोण माणूस?"

"कोण म्हणजे? मीच. तिचं दूध तापवत असेन."

"मग?"

"एकात चादर झटकतंय कुणीतरी. तोंडाच्या जागी नुसता फराटा."

"तुम्हीच?"

"दुसरं कोण होतं घरात?" ते चिडून म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज उतरला. "एकात नुसतं टक्कल. वाकून तिची पडलेली गोळी शोधत होतो वाटतं. एकात हात आणि पाण्याचा पेला. हात माझाच. एकात दाराबाहेर चाललोय, अर्धा..."

पडदा हलला नव्हता, बाटल्या हलल्या नव्हत्या, म्हणून तेवढे फोटो राहिले होते. फोटो तपासताना त्यांना फक्त दोष दिसले होते. आत कोण आहे, हे त्यांनी बघितलंच नव्हतं.

लेक हळूच म्हणाली, "एकातही तिच्याकडे बघत नव्हतात?"

"नाही गं. काही ना काही काम असायचं हातात." त्यांनी जमिनीवरचा मोबाइल उचलला. "पण एक हाक मारायची की नाही तिनं? हाक मारली असती, तर वळलो असतो ना मी."