एकोणचाळीस तक्रारींची सासू

त्या गृहसंस्थेत कुणी नवं नोकरीला लागलं किंवा कुणाला बढती मिळाली, की त्याची ओळख साहेबलोक करून देत नसत. तो मान भाडेकऱ्याचा, आणि तोही सरसकट कुणाचाही नव्हे. त्या खात्याविरुद्ध वर्षभरात ज्याने सगळ्यांत जास्त तक्रारी केल्या असतील, त्यानेच सभेत उभं राहून ओळख करून द्यायची. मग जमलेल्यांनी हात वर करायचे. निम्म्याहून जास्त हात वर गेले तर नेमणूक पक्की, नाहीतर कागद परत कचेरीत. कुणा जुन्या अध्यक्षाने ही रीत घालून दिली होती. गोड बोलणारे पैशाला पासरी मिळतात, असं त्याचं म्हणणं.

यंदा दुरुस्ती खात्याचा मान आला आजीकडे. एकोणचाळीस तक्रारी! दुसऱ्या नंबरवरचा माणूस अकरावरच थांबला होता. आणि खातेप्रमुख म्हणून बढती मिळत होती आजीच्याच सुनेला.

सून नऊ वर्षं तक्रारखिडकीवर बसत होती. दर वर्षी नवं नेमणूकपत्र आणि दर वर्षी तीच धाकधूक, यंदा ठेवतात की घालवतात. हात वर गेले तर नोकरी कायमची होणार होती. नाही गेले, तर जुनं पत्र महिनाअखेरीला संपतच होतं.

आता आजी काही हौसेने तक्रारी करत नव्हती. नळ गळतो म्हणजे गळतो. पहिल्यांदा गळला तेव्हा तिने शहाण्या माणसासारखं घरातच सांगितलं होतं, "अगं, मोरीतला नळ बघायला कुणाला तरी पाठव."

"उद्या खिडकीवर या, आई. घरी मी तक्रार घेत नाही."

गेली बिचारी. पाऊण तास रांगेत उभी राहिली. खिडकीपाशी पोचली तर सून मान वर न करता म्हणते, "नाव? खोली नंबर?"

"सकाळी माझ्या हातचा चहा पिऊन आलीस, आणि नाव विचारतेस मला?"

"मागे रांग आहे, आई. खोली नंबर सांगा."

त्या दिवसापासून आजीने ठरवलं, रांग तर रांग. पण मग एकही खिळा सोडायचा नाही.

सभेचं पत्र आठ दिवस आधी आलं, तेव्हा मुलाने ते वाचून दाखवलं आणि कपाळाला हात लावला. "आई, एकोणचाळीस?"

"मग? दार बिजागरीतून निखळलं तर ते हातात धरून बसू?"

सून तिथेच कपड्यांच्या घड्या करत होती. आदळआपट केली असती तर आजीने निभावून नेलं असतं. भांडणात ती आजवर कुणाला हार गेली नव्हती. पण ही गप्प! टॉवेलाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. आजी घाबरली ती तेव्हा.

दुसऱ्या दिवशी ती समोरच्या दारच्या नर्सकडे गेली. "चार ओळी लिहून दे बाई, छापल्यासारख्या. माझ्या तोंडाचा भरवसा नाही." नर्सने लिहून दिल्या. आजीची शाळा दुसरीतच सुटलेली. अक्षराला अक्षर जोडेपर्यंत डाळ करपायची. म्हणून तिने त्या ओळी नर्सकडून दहादा वाचून घेतल्या आणि घोकून पाठ केल्या.

सभेच्या दिवशी हॉल खच्चून भरला. आधी लिफ्ट खात्याच्या नव्या मेकॅनिकची पाळी होती. त्याची ओळख करून द्यायला सातव्या मजल्यावरचे अगडबंब काका उठले. वर्षात तीनदा लिफ्टमध्ये अडकले होते. म्हणाले, "या माणसाला मी ओळखत नाही. आधीच्याला ओळखत होतो, तेवढं पुरे झालं. करा हात वर." हशा पिकला आणि हातही वर गेले.

मग आजी. माइक तोंडाशी धरून तिने एका दमात म्हणून टाकलं, "माझी सून मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष आणि सेवाभावी आहे. तिच्याविषयी बोलावे तितके थोडेच. तिला लाभलेली ही संधी आपणा सर्वांचे भाग्य आहे."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात तिसऱ्या इमारतीतला शिंपी उठला.

"अध्यक्षीणबाई, एक विचारू? पावशेर मिरच्या घेताना या आजी भाजीवाल्याला रडवतात. आज जिभेवर एवढी साखर कुठून आली? एकोणचाळीस तक्रारी एका घरातून, आणि खिडकीवर बसणारीही त्याच घरातली! मग प्लंबर, सुतार आधी कुणाच्या दारी जात असतील? आम्ही बसायचं ताटकळत."

कुजबुज सुरू झाली. 'खरंय की' असं चारपाच जणांनी म्हटलेलं आजीने स्वतःच्या कानांनी ऐकलं. मुलाने डोळे मिटून घेतले. सून पहिल्या रांगेत ताठ बसली होती, नजर पायांच्या बोटांवर. आजीने नर्सची चौथी ओळ आठवायचा प्रयत्न केला. डोकं रिकामं. आठवला तो फक्त राग, आणि तो मात्र ओतप्रोत.

"आधी माझ्याकडे? अरे, तुझ्या जिभेला काही हाड? माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी एकोणीस दिवस लोंबत होती. एकोणीस! मी दोरीने बांधली, तरी मांजर येऊन दूध पिऊन गेलं. आणि ही बया रोज त्याच खिडकीशी उभी राहून भाजी चिरायची. सुताराला सांग म्हटलं, तर म्हणते, तुमच्याआधी अकराजण आहेत, आई."

कुणीतरी हसलं. आजीचा पट्टा सुटला तो सुटलाच.

"हसता काय? एकदा तर माझा अर्जच परत पाठवला. का, तर सही चुकीच्या जागी! जेवताना सांगता येत नव्हतं? नाही. टपालाने पाठवला. एकाच घरात राहतो आम्ही! आणि तुझं गटार तुंबलं ना रे, तेव्हा प्लंबर माझ्या दारात पिशवी उघडून बसला होता. सिंकखालची बादली काठोकाठ आलेली. हिचा फोन आला, ते सोड, तिसऱ्या इमारतीचं गटार तुंबलंय, आधी तिकडे पळ. पळाला मेला! दोन दिवस बादल्या ओतल्या मी या कमरेने. तुझं गटार कधी मोकळं झालं, सांग सगळ्यांना."

शिंपी चाचरला. "त्याच दिवशी."

"मोठ्याने."

"त्याच दिवशी, दुपारी!"

अध्यक्षीणबाईंनी नोंदवही मागवली. कारकुनाने बोट फिरवत तारखा वाचल्या. कडीची तक्रार तीन तारखेची, काम बावीसला. गटाराची सकाळी दहाची, काम तीनच्या आत. "रांग मोडून आजींचं एकही काम झालेलं नाही," तो म्हणाला. "दोन तर अजून बाकी आहेत."

"तीन!" आजी कडाडली. "जिन्यातला दिवा कोण धरणार?"

सगळा हॉल खदखदला. पण आजीच्या मात्र आता लक्षात आलं, आपण काय करून बसलो. भरल्या सभेत घरची धुणी धुतली. सुनेला बया म्हटलं. घालवली हिची नोकरी या तोंडाने! माइक हातातच राहिला.

पहिला हात अगडबंब काकांचा. मग त्यांच्यामागची रांग, मग डावीकडची, मग भिंतीला टेकून उभे राहिलेले. अध्यक्षीणबाईंनी चाळीसपर्यंत मोजले आणि नाद सोडला. सगळ्यांत शेवटी शिंप्यानेही वर केला, अर्धाच, कोपरातून. आजीचा जीव भांड्यात पडला. ती पाठीमागच्या खुर्चीवर मटकन बसली.

सून उठून तिच्याकडे आली. वाकून हळूच म्हणाली, "आई, ते मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष कुणी लिहून दिलं?"

"नर्सने."

"पुन्हा तिच्याकडे जाऊ नका."

तिने आजीला उठवायला हात पुढे केला. हात बर्फासारखा गार आणि घामाने चिंब होता. म्हणजे हीसुद्धा घाबरली होती तर! आठ दिवस घड्या घालत गप्प बसली होती ती रागाने नव्हे. आजीला एवढं हलकं वाटलं, की उठायचं सोडून ती तो हात धरून तशीच बसून राहिली.

"सोडा आई, आभार मानायचेत मला."

"मान की. कुणी धरलंय तुला?" आजी म्हणाली, आणि हात सोडला नाही.