दाबाखालचा अर्ज

आमच्या गल्लीत माझ्या नवऱ्याला कुणी नावाने हाक मारत नाही. सगळे 'आठदिवसे' म्हणतात. आमचा स्प्रिंगचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन खोल्या, तीन यंत्रं आणि तार वळणाऱ्या चार बायका. प्रत्येक खेपेतली एक स्प्रिंग हे दाबयंत्रात आवळून ठेवतात, रोज तिची उंची मोजून वहीत लिहितात, आणि आठ दिवसांत ती केसभरही खचली नाही तरच माल दाराबाहेर पडतो. गिऱ्हाईक कितीही आदळआपट करो, हे आपले ढिम्म.

या माणसाशी चोवीस वर्षं संसार केलाय मी. माझा स्वभाव तापट, मला सगळं कालच झालेलं हवं असतं.

यंदा दवाखान्याचे पलंग बनवणाऱ्या एका कंपनीने आम्हाला कधी नव्हे एवढी मोठी ऑर्डर दिली. पण स्प्रिंगा आम्ही शेजारच्या म्हाताऱ्याच्या भट्टीत तापवून आणायचो, आणि नेमका तो भट्टी मोडून लेकीकडे राहायला निघाला. स्वतःची भट्टी घेतली नाही तर ऑर्डर जाणार आणि चारही बायकांना घरी बसवावं लागणार, हे उघड होतं. त्यातली एक तर माझ्या लग्नाच्या आधीपासून तिथे आहे. म्हणून कर्ज हवं होतं.

माझा भाऊ पाइपांचा व्यापारी. तो निवडणुकीला उभ्या राहिलेल्या आमच्या भागातल्या पुढाऱ्याची शिफारसचिठ्ठी घेऊनच आला.

"ताई, निवडणूक तोंडावर आलीय. बँकेने आत्ता हात सैल सोडलाय. अशीच चिठ्ठी लावली आणि मला आठवड्यात पैसे मिळाले. मतदान झालं की कुणी ओळखही दाखवणार नाही."

"चिठ्ठी नको," हे म्हणाले. "आपलं काम आहे, हिशेब आहेत. तेवढे पुरेत."

आणि मग त्यांनी जे केलं ते जगात दुसरं कुणी करणार नाही. अर्ज पाकिटात घातला, पाकीट दाबयंत्रात ठेवलं आणि वरून चाक आवळलं. म्हणे, घाईत लिहिलेलं आठ दिवसांनी वाचलं की चूक दिसते. मी कपाळावर हात मारला. भावाने तर हसून हसून खुर्ची सोडली.

पाचव्या दिवशी माझा धीर सुटला. हे तार आणायला गेले होते. मी चाक सैल केलं, अर्ज काढून घेतला, पाकिटात जुन्या कॅलेंडरची पानं भरली आणि पुन्हा आवळून टाकलं. अर्जाला भावाने मागे ठेवलेली चिठ्ठी टाचली आणि बँकेत देऊन आले. मॅनेजर चिठ्ठी बघून उठून उभाच राहिला. "आत्ताचे पैसे वाटून संपलेत. निवडणूक झाली की लगेच," म्हणाला.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी साळसूदपणे विचारायची, "काय म्हणतो अर्ज?"

"बदल नाही," हे वहीत लिहिता लिहिता म्हणायचे.

आठव्या दिवशी त्यांनी पाकीट काढलं आणि न उघडताच माझ्या हातात दिलं. "जा, देऊन ये." एरवी लाइटचं बिल तीनदा वाचणारा माणूस! तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी बाजारात तासभर रेंगाळले आणि घरी येऊन "दिलं" म्हणून सांगितलं.

पुढारी पडला. सपाटून पडला. महिन्याभरात मॅनेजरची बदली झाली, नव्या मॅनेजरबाई आल्या आणि चिठ्ठी लावलेल्या सगळ्या फायली त्यांनी एका कपाटात कोंबल्या. आमचीही. बँकेतून फोन आला तो यांनीच घेतला. मी हातातलं काम टाकून धावले. पण हे एवढंच म्हणाले, "चल. वही घे बरोबर."

मॅनेजरबाई कडक होत्या. "निवडणुकीआधीच्या दोन महिन्यांत या शाखेने दोन वर्षांचं कर्ज वाटलंय. त्यातले निम्मे लोक आता फोन उचलत नाहीत. तुम्ही त्यांच्यातले नाही, हे मी कशावरून मानू?"

"चिठ्ठी काढून टाका," हे म्हणाले. "रांगेत शेवटी लावा. आणि ही वही बघा."

बाईंनी वही चाळायला घेतली. तारीख, उंची, बदल नाही. तारीख, उंची, खचली, खेप मोडीत. पानं उलटता उलटता त्या थांबल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या.

"'अर्ज. चौथा दिवस, बदल नाही. पाचवा दिवस, पाकिटात कॅलेंडर. हिने नेला. तिची घाई खरी आहे. बोलायचं नाही. सहावा दिवस, बदल नाही. सातवा दिवस, बदल नाही.'" त्यांनी चष्म्यावरून यांच्याकडे पाहिलं. "आत कॅलेंडर आहे हे माहीत असून रोज 'बदल नाही' लिहिलंत? असं खोटं आणखी कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही," हे म्हणाले. "तेवढंच. ती रोज विचारायची ना."

मला तिथेच रडू फुटलं. भर बँकेत, सगळ्यांसमोर. लाज वाटली आणि या माणसावर इतकी माया दाटून आली की काय करावं ते सुचेना. बाई चष्मा पुसत बसल्या.

"माझ्या सहीने निम्मी रक्कम देता येते," शेवटी त्या म्हणाल्या. "उरलेली वरून, आणि वरचे कधी हलतील ते मला विचारू नका. नवा अर्ज आणा. चिठ्ठीशिवाय."

निम्म्या रकमेत कुणीतरी वापरलेली जुनी भट्टी येत होती. जुनी तर जुनी, चारही बायका राहणार होत्या.

घरी येऊन नवा अर्ज लिहिला. या वेळी मीच तो पाकिटात घातला, दाबयंत्रात ठेवला आणि चाक आवळलं. "आता आठ दिवस हात लावणार नाही," म्हटलं.

हे वही उघडून बसले होते. त्यांनी तारीख लिहिली, पेन थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"चार पुरेत," म्हणाले.