बाजूला काढलेले दाणे

"महादेवप्पा, हे दाणे कशासाठी ठेवलेत?"

नव्या डॉक्टरांनी मुदपाकखान्यातल्या कोपऱ्यातल्या डब्यात हात घातला आणि मूठभर शेंगदाणे खिडकीपाशी नेले. काही सुरकुतलेले, काही काळपट, काहींवर हिरवट भुकटी.

"ते टाकाऊ हायत, साहेब. पेशंटच्या जेवणात त्यातला एक बी जात न्हाई. चांगले निवडून घेतो की," महादेवप्पा जरा अभिमानानंच म्हणाला. "ह्याची चटणी कुटतो. मी खातो, आणि घरी जाणाऱ्याला पुडी बांधून देतो."

"काविळीच्या पेशंटनाही?"

"त्येंनाच जास्त. महिना महिना अळणी खाऊन जीभ मेलेली असते त्यांची."

सोलापुरातल्या त्या धर्मादाय दवाखान्यात आचारी म्हणून महादेवप्पाला एकोणीस वर्षं झाली होती. दुधनीहून आला तेव्हा बायको बाळंतपणात जाऊन सहा महिने झाले होते. पुन्हा लग्न त्यानं केलं नाही. मुदपाकखान्यामागच्या खोलीत एकटाच राहायचा. माणसं बरी होऊन जात, बहुतेकांची नावंही त्याला कळत नसत. खाटेचा नंबर तेवढा कळे. जाताना त्यांच्या हातात काहीतरी द्यावं असं त्याला वाटायचं. पण रुग्णांच्या वाट्याचा चांगला दाणा घ्यायचा नाही, हा त्याचा नेम होता. म्हणून जे द्यायचं ते टाकाऊतून. लसूण आणि तिखट जास्त घातलं की कडवटपणा कळत नसे.

डॉक्टरांनी दाणे पुन्हा डब्यात टाकले आणि हात धुतले.

"ही बुरशी आहे, महादेवप्पा. तिचं विष भाजून जात नाही, तिखटानं चव झाकते एवढंच. धडधाकट माणसाचं यकृत त्यातलं बरंच सोसतं. पण एका जातीची कावीळ काहींच्या रक्तातून जातच नाही, वरून माणूस बरा दिसला तरी. अशा यकृताला हे फार वाईट. काही वर्षांनी गाठसुद्धा होऊ शकते."

महादेवप्पा उखळीला टेकून उभा राहिला.

"अकरा नंबरचं त्येच झालं?"

"ते सांगता येत नाही. त्याच्या घरीही असे दाणे खाल्ले गेले असतील. नुसत्या काविळीनंही होतं. मी तुम्हाला दोष देत नाही."

"पण न्हाई असंबी म्हणत न्हाई तुमी."

डॉक्टरांनी डब्याचं झाकण लावलं.

अकरा नंबर म्हणजे कुंडलिक, करमाळ्याकडचा गवंडी. त्र्याहत्तर साली काविळीनं दीड महिना इथं पडून होता. एकोणीस वर्षांत घरी गेल्यावर पुन्हा भेटायला आला तो हा एकटाच. सोलापुरात काम निघालं की मुदपाकखान्याच्या उंबऱ्यावर येऊन बसायचा. "अण्णा, हायसा का?" म्हणायचा. गावाकडचं सगळं सांगायचा आणि जाताना हक्कानं अर्धा किलो चटणी मागून न्यायचा. तीन वर्षं. आठवड्यापूर्वी आला तो पोट फुगून, डोळे पिवळे होऊन. बरगडीखाली हाताला लागेल अशी गाठ होती.

डॉक्टर गेल्यावर महादेवप्पानं डबा मागच्या खड्ड्यात उपडा केला, वर माती ओढली. दुपारची जेवणं झाल्यावर तो वॉर्डात गेला. कुंडलिकची बायको मथुराबाई धुणं वाळत घालायला गेली होती. खाटेशेजारी जमिनीवर बसून त्यानं सगळं सांगितलं, काही न झाकता.

कुंडलिक वर पंख्याकडं बघत होता.

"तुमीबी खाल्ली का ती चटणी?"

"रोज."

"मंग तुमाला कसं काय झालं न्हाय?"

कुंडलिकनं भिंतीकडं तोंड केलं.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी मथुराबाईला सांगितलं, त्याला घरी न्या. इथं आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोन्ही दिवस कुंडलिकनं ताटाला हात लावला, पण ताट आणणाऱ्याकडं पाहिलं नाही. तरी महादेवप्पा गाठोडं डोक्यावर घेऊन एसटी स्टँडपर्यंत त्यांच्या टांग्यामागं चालत गेला.

करमाळ्याची गाडी लागली. पायऱ्या उंच होत्या. मथुराबाईनं इकडंतिकडं पाहिलं. कुंडलिक दांडीला धरून धापा टाकत होता.

"अण्णा," तो खाली बघतच म्हणाला, "जरा धरा की."

महादेवप्पानं त्याला दोन्ही हातांवर उचललं. फुगलेलं पोट सोडलं तर त्या गवंड्याच्या अंगात वजन असं राहिलंच नव्हतं. सीटवर नीट बसवलं, पाठीशी घोंगडी दिली. पण कुंडलिकनं त्याच्या गळ्यातला हात काढला नाही. कंडक्टरनं घंटी मारली तरी तो हात तसाच होता.

महादेवप्पा उतरला तो जकात नाक्यावर. गाडी धुरळ्यात दिसेनाशी झाली. ऊन कलायला लागलं होतं, आणि चाळीस जणांचा संध्याकाळचा भात अजून चढवायचा होता. टोपी सारखी करून तो रस्त्याच्या कडेनं माघारी चालू लागला.