पाठीतली नळी

नर्सने थर्मामीटर पुसून पुन्हा सुनेच्या काखेत ठेवलं. दुसऱ्यांदाही ताप एकशे एकच निघाला.

सकाळी भूलतज्ज्ञ बाईंनी पाठीत बारीक नळी घालून बाळंतपणाच्या वेदना कमी करायचं औषध सुरू केलं, तोवर सून खाटेची कड धरून कण्हत होती. त्यानंतर मात्र तिने नवऱ्याच्या विस्कटलेल्या केसांची चेष्टासुद्धा केली. आता गाल लाल झाले होते, अंगात हुडहुडी भरली होती आणि चेष्टा बंद पडली होती.

"हे त्या औषधामुळेच ना?" नवऱ्याने विचारलं.

बाळाचे ठोके बघत असलेल्या भूलतज्ज्ञ बाईंनी मान वर केली. दुसरं कुणी असतं तर हात झटकून मोकळं झालं असतं.

"असू शकेल," त्या म्हणाल्या. "याने काहींना ताप चढतो. पण जंतुसंसर्ग असला तरी असाच चढतो, आणि आत्ता दोन्हींतला फरक कळत नाही. म्हणून संसर्ग आहे असं धरूनच अँटिबायोटिक देतोय. बाळाचे ठोके ठीक आहेत. जन्मल्यावर त्यालाही नजरेखाली ठेवू."

"मग बंद करा ते!"

"बंद केलं म्हणून ताप उतरेलच असं नाही. कळा मात्र परत जाणवू लागतील."

इतकं सरळ बोलायला काळीज लागतं. सुनेच्या कपाळावर ओला रुमाल ठेवणाऱ्या सासूबाईंना ही डॉक्टरीण तिथल्या तिथे आवडून गेली.

"मी सांगतोय, बंद करा." एरवी भाजी कोणती आणू हेही बायकोला विचारणाऱ्या त्याचा आवाज भीतीने पार चिरका झाला होता.

"तू कोण सांगणार?" सासूबाई गर्रकन वळल्या. "ताप तिला, कळा तिच्या, आणि हुकूम तुझा होय रे? तिला विचार की!"

भूलतज्ज्ञ बाई खाटेवर वाकल्या. तेच सगळं त्यांनी सुनेला सावकाश पुन्हा सांगितलं.

"चालू राहू दे," सून म्हणाली. "मला बाळाला नीट डोळे उघडून बघायचंय."

ऊन कलायच्या आत मुलगी झाली. ती अशी काही रडली की नर्सलाही हसू आलं. तिला तपासायला शेजारच्या खोलीत नेलं, आणि बाप काचेला नाक लावून उभा राहिला. सुनेचा ताप उतरू लागला होता. तिचा डोळा लागला.

"तुमच्या वयाच्या बायका उलट मलाच रागावतात," नळी काढून झाल्यावर भूलतज्ज्ञ बाई हळूच म्हणाल्या. "आमच्या वेळी नव्हती असली थेरं, म्हणतात."

सासूबाई रुमाल पिळत होत्या.

"माझ्या वेळी होतं की. डॉक्टरांनी विचारलंही होतं."

"मग नको म्हणालात?"

"मला कुठं विचारलं? ह्याच्या बाबांना विचारलं."